सेनापतीची सेकंड शिफ्ट

आमच्या ग्रुपचे किस्से मी सांगत नाही, ते सांडतात. तिघांनी ऑनलाइन एकच गोष्ट खेळायची, प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं आणि त्याच्या तोंडून लिहायचं, म्हटल्यावर दुसरं काय होणार! मी थेरगावची, गोष्टीत राणी. दोन वर्षं एक किल्ला सांभाळतेय. घरी पप्पांचं एकच, "या खेळात एवढं काय आहे ते रविवारपर्यंत मला पटवून दे, नाहीतर वायफाय बंद." पंचवीस वर्षांच्या मुलीला! मोठ्या माणसांना दुसऱ्याच्या आनंदाचाही खुलासा लागतो.

आमचा सेनापती संतोष चाकणला कंपनीत आहे. ऐन लढाईत त्याचा मेसेज आला, "राणीसाहेब, सेकंड शिफ्ट हाय. वेढा उद्या सकाळी घालाया सांगा."

शत्रूने मान्य केलं. तेव्हापासून आमची युद्धं त्याची शिफ्ट बघून ठरतात.

शत्रू म्हणजे केतकी, हिंजवडीत आयटीवाली. कॅब ट्रॅफिकमध्ये अडकली की फोनला बोलून मजकूर लिहिते. एकदा शांतपणे म्हणाली, "उद्या सूर्योदयाला तुझं मुंडकं वेशीवर टांगीन."

ड्रायव्हरकाकांनी आरसा नीट केला. "मॅडम, सासूबाई का?"

मध्यंतरी गोष्टीत संतोषचा घोडा मेला. हा जेवेना. आईने विचारलं, "काय झालं रं?"

"माझा घोडा गेला."

"कंदी घेतला व्हतास?"

"झाली दोन वर्सं."

"आन् मला आज सांगतूस व्हय!"

शेवटी शनिवारी मी पप्पांनाच खेळात बसवलं. ते एका कंपनीच्या स्टोअरमधून रिटायर झालेत. पात्रही त्यांनी तेच निवडलं: शस्त्रागाराचे कारभारी.

केतकीचं सैन्य दारात आलं. संतोषने लिहिलं, "कारभारी, तीनशे तलवारी द्या, लवकर!"

पप्पांनी एका बोटाने टाइप केलं, "मागणीपत्र?"

"आवो, शत्रू दारात हाय!"

"सही कुणाची?"

मी शेजारच्या खुर्चीवरून ओरडले, "पप्पा, राणीचा हुकूम आहे!"

त्यांनी चष्मा वर केला. "तोंडी चालत नाही."

मी मागणीपत्र लिहिलं. त्यांनी परत पाठवलं. तारीख नव्हती.

तोवर केतकीने दरवाजा फोडला. किल्ला गेला. दोन वर्षं!

पप्पांनी लिहिलं, "तीनशेच्या तीनशे तलवारी जागेवर आहेत. तपासून घ्याव्यात."

मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "किल्ला आता केतकीताईंचा ना? त्यांना विचार, उद्या माझी ड्युटी कितीला?"