जाऊबाईंचा काकडा

कार्तिक लागला की माझा जळफळाट सुरू व्हायचा. कुरुंद्यात आमच्या घरातून पहाटे काकडआरतीला एकच बाई जायची, आणि ती म्हणजे माझी थोरली जाऊ. निजामाचं राज्य होतं, गावात गिरणी नव्हती. दोघींनी ओढायचं जातं महिनाभर मी एकटी ओढायचे. आणि ही बया दिवस उगवता कपाळाला बुक्का लावून, ताजीतवानी होऊन परतायची.

सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, येईल त्याला सांगायच्या, "थोरली देवाला जाती म्हणून लेकरं, बैलं समदी धड हायत." म्हणजे माझ्या भाकरींचं काहीच नाही! मी आतून नुसती पेटायचे. मलाही काकड्याला जायचं होतं. देवासाठी कमी, त्या कौतुकासाठी जास्त.

एका कार्तिकात जाऊबाईंच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला. सासूबाई म्हणाल्या, "घरचा काकडा मोडला न्हाई पाहिजे. आज तू जा."

गेले. समईचा उजेड गाभाऱ्यापुरताच होता. जाऊबाईंच्या नेहमीच्या खांबाशी पदर ओढून बसले. शेजारच्या म्हातारीला नीट दिसत नसे. तिनं मला जाऊच समजून जवळ ओढलं. "टेक माय खांद्यावर. आरतीला उठवते रोजच्यावानी."

रोजच्यावानी! इकडं माझ्या तळहाताला फोड आणि तिकडं हिच्या खुशाल झोपा! तसंच उठून घर गाठावं असं वाटलं. पण त्या म्हातारीच्या घोंगडीला काय ऊब होती! थेट आरतीच्या घंटेनंच जाग आली.

घरी आले तर जाऊबाई लंगडत येऊन जात्याशी बसलेल्या. माझं तोंड बघूनच त्यांना कळलं.

"आत्याबाईला सांगू नको माय. धाकटं लेकरू रातभर डोळा लागू देत न्हाई मला."

"सांगत न्हाई. पण एक दिवस तुमी, एक दिवस मी."

त्यांनी होकाराची मान डोलावली. पुढं सासूबाई गावभर सांगू लागल्या, "दोघी देवाला जायला लागल्या, तवापासून घरात भांडण न्हाई." खरंच नव्हतं.

पण मोठी एकादशी नेमकी जाऊबाईंच्या पाळीत आली. त्या दिवशी भजन ऊन वर येईपर्यंत चालायचं, आरती त्यानंतर. टाळांचा आवाज घरापर्यंत येत होता. मी जातं ओढत होते, आणि बाई तिकडं म्हातारीच्या घोंगडीत अजून झोपलेल्या होत्या.