कोरड्या नदीत भिजलेली वरात

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. मुंजाच्या पिंपळाखाली मी भर दुपारी घोरलोय... माझं घोरणं ऐकून मुंजाच पळाला, असं गावात सांगतात. (सांगणारा मीच!) पण ताईच्या लग्नात जे झालं, त्यापुढं माझी अक्कल चालत नाही.

आमचं गाव आष्टीकडलं, वर्धा नदीच्या अगदी काठावर. पलीकडं वऱ्हाड — एके काळी निजामाचा मुलूख. मग इंग्रज आले-गेले, मध्य प्रदेश झाला, महाराष्ट्र झाला. नकाशे बदलले, शीव मात्र नदीच. सत्तरनंतरच्या एका पुरात ती नदीच पलीकडं सरकली! इतकी, की मासे पत्ता विचारत फिरत होते. जुनं पात्र गाळानं भरलं. बाबांनी त्यात नांगर घातला, कपाशी लावली.

पुढल्या उन्हाळ्यात पलीकडून ताईची वरात आली. नवरदेवाचं सीमांतपूजन शिवेवर करायचं, ही रीत. बाबा ऐटीत नव्या काठावर गेले.

"पाहू दे त्याहिले, आपली शीव कुठवर आली!"

पूजा झाली, वरातीच्या बैलबंड्या गावाकडं निघाल्या. जुन्या पात्रापाशी नवरदेवाचे बैल थांबले. पराणी टोचली, शेपट्या पिरगाळल्या... ढिम्म. समोर नुसती तापलेली ढेकळं — अन् बैल मान खाली घालून घोट घेत होते.

मी हसलो. दुसरं कोणी हसलं नाही.

व्याही भडकले, "काऊन, काही करून ठेवलं काय तुम्ही? पोरगं घेऊन वापस जातो मी!"

मांडवात ताई हळदीनं पिवळी होऊन बसलेली. निरोप ऐकताच आई पूजेचं ताट घेऊन धावत आली.

"अहो, जिच्या अंगावर नांगर फिरवला, तिले विचारलं काय? नदी इथंच हाये. पूजा इथं करा."

"लोक हसतीन मले."

"पोरगी रडून राह्यली, त्याचं काय?"

बाबा ढेकळांत गुडघे टेकून बसले. पुन्हा पूजा केली.

मग बैल चालले... पाय चाचपत, मध्यावर तर माना वर काढून. बाहेर पडले तेव्हा मानेपर्यंत ओले! चाकांतून पाणी निथळत होतं. सनईवाल्यानं फुंकर मारली, तर सुराऐवजी ओंजळभर गढूळ पाणी. मी मागून पायी. माझे पाय कोरडेच — फक्त कुणीतरी थंड हातानं घोटा धरला... आणि सोडला.

लग्न लागलं. ताई सुखात आहे. माहेरी येताना त्या वावरात अजून लुगडं घोट्यावर धरून चालते. कॉलेजात शिकणारा भाचा तिला हसतो, अन् हळूच पँट दुमडतो.

हे काय होतं, मला आजही सांगता येत नाही. वावर आता माझ्या वाट्याला आलंय. पेरणीआधी, चाळिशी उलटल्यावर, मी पोहायला शिकलो.