खालून आलेले तीन ठोके

इथले भुताखेतांचे अनुभव मी वर्षभर वाचतोय, आणि खरं सांगायचं तर हसतोय. जळगावात पिंप्राळ्याला माझं गॅरेज आहे. लिंबू-मिरची बांधायला दर शनिवारी येणाऱ्या बाईला मी दारातूनच परत पाठवतो. आवाज आला की कुठलातरी भाग सैल असतो, एवढीच माझी श्रद्धा. तरी आज लिहायला बसलोय… हसायचं असेल तर हसा.

आधी नानांबद्दल सांगतो. नाना म्हणजे माझे मोठे भाऊ. गॅरेज मूळचं त्यांचंच. शेजारच्या वेल्डिंगच्या गोंगाटात गाडीखालच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून त्यांनी एक पद्धत पाडली होती – खालून पान्याने चेसीवर ठोकायचं. एकदा ठोकलं तर स्टिअरिंग फिरव, दोनदा ठोकलं तर उलट फिरव, तीनदा ठोकलं तर थांब, उतर. तीन वर्षांपूर्वी भर दुपारी जॅक सरकला आणि गाडी नानांच्या अंगावर आली. 'दोन मिनिटांचं काम' म्हणून खाली लाकडी ठोकळा लावला नव्हता. स्टिअरिंगवर मी होतो. खालून कसलाच आवाज आला नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं.

त्यानंतर ठोकळ्याशिवाय कुणालाही गाडीखाली जाऊ दिलं नाही. गेल्या महिन्यातला तो एक दिवस सोडून.

सकाळी अकराच्या सुमारास लोटन आबा आले. धुळ्याकडचे, जुनं गिऱ्हाईक. दीपनगरला मुलीकडे होते, तिथून धुळ्याला मयतीला निघालेले. घाईत होते.

"नशिराबादना पुढे गाडी खड्डामा आदळनी," आबा म्हणाले. "तवयपाईन डावीकडे वळाडी का टक टक टक वाजस. तीनदा. मंग बंद."

डावीकडे वळवलं की तीनदाच का, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. ठोकळे दुसऱ्या गाडीखाली होते. मयतीचं काम, माणूस खोळंबलेला… मी डावं चाक काढलं, नुसता जॅक लावला आणि आमचा जुना मिस्त्री युवराज याला खाली पाठवलं. तो चाकाला स्टिअरिंगशी जोडणारा टाय रॉड हाताने धरून बघणार, मी आत बसून स्टिअरिंग फिरवणार. तीच चूक, त्याच जागेवर.

मी डावीकडे फिरवलं. खालून आवाज आला.

टक. टक. टक.

सैल जॉइंट असा वाजत नाही. पान्याचा ठोका होता, सारख्या अंतराने दिलेला. मी स्टिअरिंग सोडून उतरलो, युवराजचा पाय धरला आणि त्याला ओढूनच बाहेर काढलं.

"काय जयं, भाऊ?" तो विचारत होता, तेवढ्यात जॅक कलला आणि गाडी तो पडला होता त्याच जागेवर आदळली.

आबा टायरवर बसले. थोड्या वेळाने मी युवराजला विचारलं, तू ठोकलंस ना?

"मी नही ठोकं. मना हातमा फक्त टॉर्च व्हती."

पाना बाहेर, काढून ठेवलेल्या चाकाजवळ पडला होता. आबा हळूच म्हणाले, "मीबी आयकं. तीनदा."

नंतर ठोकळे लावून मी सगळं तपासलं. टाय रॉड, बॉल जॉइंट, स्टिअरिंगचा रॅक… सगळं घट्ट. काहीही बदललं नाही. आबांची गाडी आजही चालतेय, तो आवाज पुन्हा आलेला नाही. तो कुठून आला, मला सांगता येत नाही. तुमच्यापैकी कुणाला सांगता आलं तर जरूर लिहा.

पण तो मी ओळखला कसा, हे मात्र मला माहीत आहे. नाना गेले त्या दुपारीही खालून तीन ठोके आले होते. मला वाटलं, जॉइंट वाजतोय… आणि मी स्टिअरिंग आणखी अर्धा फेरा फिरवलं.

वहिनींना हे अजून सांगितलेलं नाही.