एक ट्रॉली, सात बिलं

स्क्रीनवर सात बिलं होती. काउंटर एकच, कॅशियर एकच, आणि सातही बिलं अकरा मिनिटांत झालेली. प्रत्येक बिल पन्नास रियालच्या जरासं वर. प्रत्येकावर एक कूपन. दोन आठवड्यांपूर्वीचा शुक्रवार होता तो. त्याच्या दोन आठवडे आधीच्या शुक्रवारीही तेच.

"खलास," रामी म्हणाला. रामी माझा मॅनेजर, लेबनॉनचा. "एक ट्रॉली, सात बिलं. कॅमेऱ्यात सगळं दिसतंय. ती मुलगी मुद्दाम बिल तोडून देते आणि तिला त्यातून काहीतरी मिळतं."

ती मुलगी म्हणजे सरिता. नेपाळची, आमच्या अल वक्राच्या शाखेत चार वर्षं कॅशियर. रविवारी तिला एचआरसमोर बोलावायचं ठरलं. नोकरी गेली असती तर व्हिसाही गेला असता, आणि पुढची पायरी घरच्या विमानाचं तिकीट होती.

मी इथे आखातात, एका सुपरमार्केटच्या वेस्ट बे भागातल्या हेड ऑफिसमध्ये काम करते. कोणती ऑफर कोणत्या ऑफरसोबत चालेल, हे ठरवणं हे माझं काम. घरी आलेल्या पाहुण्यांना वाटतं, मी बसून कूपन्स कापते. मी खुलासा करत नाही.

कूपन दोन प्रकारचं असतं. एक दुकानाचं: पन्नास रियालच्या खरेदीवर दहा रियाल सूट. तो भार दुकान उचलतं. दुसरं कंपनीचं, म्हणजे अमुक चहावर तीन रियाल कमी. ते पैसे कंपनी आम्हाला नंतर देते. ही दोन्ही एका बिलावर एकत्र चालतात. याला स्टॅकिंग म्हणतात आणि त्यात गैर काही नाही. दुकानाची दोन कूपन्स मात्र एका बिलावर चालत नाहीत. म्हणून काही लोक मोठी खरेदी तोडून छोटी बिलं करून घेतात आणि प्रत्येकावर नवं कूपन लावतात. याला बिल स्प्लिटिंग म्हणतात. रामीच्या मते गैर ते हेच.

"नियम साफ आहे," रामी म्हणाला. "एका ग्राहकाला एक कूपन."

नियम तसा नव्हता. नियम होता, एका बिलावर एक कूपन. काउंटरवरच्या मशीनला बिल कळतं, ग्राहक कळत नाही, म्हणून तसं लिहिलं होतं. हे मला माहीत होतं, कारण ते मीच लिहिलं होतं. जेवणाच्या सुट्टीआधी, दहा मिनिटांत. खाली कोणाचं नाव नव्हतं. मला मिटिंगमध्ये बोलायला आवडत नाही, आणि त्या दिवशी न बोलण्याचा फायदाही होता.

दुसऱ्या दिवशी त्या सात बिलांचा शुक्रवार होता. मी दह्याचा डबा हातात घेऊन सरिताच्या काउंटरजवळ उभी राहिले. तिघं आले. पुढे पन्नाशीचे एक गृहस्थ, एसी कंपनीच्या शर्टात. त्यांनी पट्ट्यावर सामान मांडायला घेतलं आणि प्रत्येक ढिगानंतर प्लास्टिकची दांडी आडवी ठेवली.

"शिंद्याचं तेल अन् चहा. सुताराचा तांदूळ. हे कांदे, बटाटे, मसूर जाधवाचं."

"मोरेकाका, जाधव सुट्टीवर गेलाय की," मागचा म्हणाला.

"गेलाय, पण पैसं ठिवून गेलाय."

"मग त्याच्या वाटणीचं खाणार कोण?"

"तू. आत्तापण दोघांचं खातोसच."

सरिताने मान वर न करता सात बिलं केली. मोरेकाकांनी प्रत्येक बिल घडी घालून, नाव लिहिलेल्या वेगळ्या पाकिटात ठेवलं.

मी बराच वेळ वाक्य जुळवलं. माझं मराठी घरापुरतं आहे आणि अनोळखी माणसांसमोर तेही कमी पडतं. शेवटी विचारलं, "काका, बिलं वेगळी का करता?"

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मराठी हाय व्हय तुम्ही?"

"हो. मी ऑफिसमधून आलेय. दुकानाच्या."

"आमची मेस हाय, ताई. एका खोलीत सात जण, चूल एक. आधी पैसं एकत्र काढायचो. त्यात दोघांची लई भांडणं झाली. तवापासनं ज्याची वस्तू त्यानं घ्यायची, बिल त्याच्या पाकिटात. महिना बदलला की वस्तू बदलायची."

"कूपनसाठी नाही?"

"कूपन आत्ता आलं. आम्ही तीन वर्षं असंच करतोय." मग शेवटचं पाकीट खिशात घालत म्हणाले, "आता पन्नासला कमी पडलं तर एखादा साबण टाकतो, खोटं कशाला बोलू. ही पोरगी तेवढी वैतागत नाही, म्हणून हिच्याकडं येतो. हिला काय बोलू नका."

शनिवारी मी घरूनच लॅपटॉपवर जुनी बिलं काढली. कूपन सुरू होण्याच्या कितीतरी आधीपासून तोच काउंटर, एकाआड एक शुक्रवारी, सात बिलं. फरक एवढाच की तेव्हा कुणाचं बिल एकतीसचं असायचं, कुणाचं चव्वेचाळीसचं.

रविवारी कागद टेबलावर ठेवले. मी म्हणाले, "हे सात ग्राहक आहेत. ट्रॉली एक आहे."

रामीने कागद उलटसुलट पाहिले. "तिघंच तर आले होते."

"बाकीचे ड्यूटीवर होते. एक भारतात आहे. त्याचंही कूपन वापरलं गेलंय."

"म्हणजे नियम मोडला."

"नियमात बिल लिहिलंय. ग्राहक नाही. त्यांनी नियम मोडला नाही, सरितानेही नाही."

"कुणी लिहिलाय हा नियम?"

टीमने लिहिलाय, असं म्हणता आलं असतं. वाक्य तयारही होतं.

"मी," मी म्हणाले.

एचआरच्या बाईंनी सरिताची फाइल बंद केली आणि वही उघडून माझं नाव लिहून घेतलं. "तो भारतात गेलेला परत कधी येतोय?" त्यांनी विचारलं. का, ते कुणालाच कळलं नाही.

सरिताला बोलावलंच नाही. आपली चर्चा झाली, हे तिला आजही माहीत नसावं. मला एक ईमेल आली, तपशिलाकडे लक्ष द्यावं अशी. मग मी नियम बदलला: एका ग्राहकाला एक कूपन, आणि ग्राहक स्वतः हजर हवा.

पुढच्या खेपेला जाधव सोडून सहाही जण हजर झाले. ड्यूटीच्या वेळा बदलून घेऊन, सहा ट्रॉल्यांसह, सरिताच्याच काउंटरवर. बाकीचे काउंटर रिकामे होते. शाखेच्या मॅनेजरने रांगेची तक्रार करायला रामीला फोन केला. रामी माझ्या टेबलापाशी आला.

"यल्ला, चल, जुना नियम परत लाव."

मी लावला. या वेळी खाली माझं नावही घातलं.

आता नवा नियम लिहायचा असला की मी आधी दुकानात तासभर उभी राहते. ऑफिसात याला फील्ड व्हिजिट म्हणतात. बोलावं फारसं लागत नाही, आणि दही घरी येतं.