डिस्कमधला पेपर

भिवंडीत कॉम्प्युटर दुरुस्त करणारे पुष्कळ, पण बंद पडलेली हार्ड डिस्क कानाला लावून ऐकणारा हा एकटाच. पूर्वी तो यंत्रमाग दुरुस्त करायचा. त्यामुळे शेजारच्या कारखान्याची खडखड त्याला ऐकूच येत नाही, डिस्कमधली बारीक टकटक मात्र बरोबर येते. गिऱ्हाइकाशी तो मराठीत बोलतो आणि डिस्कशी हिंदीत. "चल बेटा, बस एक बार!"

माझी डिस्क उडाली तेव्हा तिच्यात दहावीच्या पूर्वपरीक्षेचा गणिताचा पेपर होता. दुसरी प्रत नव्हती, आणि त्याची मुलगी माझ्याच वर्गात. मी बजावलं, "ती फाइल उघडायची नाही."

"मी कशाला बघतोय, सर!" तो चक्क दुखावला.

चौथ्या दिवशी सगळं परत मिळालं. सीडी माझ्या हातात ठेवत तो म्हणाला, "पेपर मी बघितला न्हाय हां. पण सगळे मार्क मिळून ऐंशी भरत न्हाय, अठ्ठ्याहत्तरच होतात."

मी घरी आलो आणि नवा पेपर काढला. हातानं, वहीत, कोणालाही न सांगता.

सोमवारी त्याची मुलगी वर्गात उभी राहिली. "सर, पप्पांनी विचारलंय, नव्या पेपरची बेरीज तपासून देऊ का?"