मरुवोळल नेमकं कुठं होतं

चिटगुप्पा तालुक्यात गावांच्या वेशीवर कन्नड आणि मराठीत ज्या पाट्या दिसतात, त्यातल्या बऱ्याच रेवणसिद्धप्पांच्या हातच्या. फ्लेक्स आल्यावर दुकानांचं काम गेलं, पण गावांच्या नावांचं राहिलं. लिहिता लिहिता त्यांना नावांचाच नाद लागला. एकाच गावाला कन्नड माणूस एक म्हणतो, मराठी माणूस दुसरं, आणि निजामाच्या वेळच्या उर्दू कागदात तिसरंच असतं. देवळांतल्या कोरीव शिळांवर याहून जुनी नावं असणार, म्हणून ते जुनी कन्नड अक्षरं गिरवायला लागले. अक्षरं लागायची, अर्थ थोडाफारच.

त्यांचं स्वतःचं गाव मारवळ. गावच्या विहिरीचा गाळ काढताना पायऱ्यांतली एक शिळा निसटली, ती उलटी केली तर मागं लेख. रेवणसिद्धप्पांनी त्यात नाव वाचलं, 'मरुवोळल'. म्हणजेच मारवळ, याबद्दल त्यांना शंका वाटली नाही. गावालाही नाही. पंचायतीनं वेशीत कमान बांधली आणि त्यांनी घरचा रंग वापरून तिच्यावर लिहिलं, 'प्राचीन मरुवोळल'. त्या वर्षी जत्रेत पालखीपुढं नारळ फोडायचा मान त्यांना मिळाला.

मंजुश्री बीदरच्या एका कॉलेजात इतिहास शिकवायच्या. शिलालेखांतली गावं आज कुठं आहेत ते शोधून त्या नकाशावर मांडत होत्या. जागा पक्की असली की भरीव ठिपका, अंदाज असला की पोकळ. कमानीची बातमी कळल्यावर त्या मारवळला आल्या, शिळेचा ठसा घेतला आणि रेवणसिद्धप्पांच्या घरी चहाला बसल्या.

"अण्णा, नाव बरोबर वाचलंय तुम्ही. खाली देवाला दिलेल्या जमिनीच्या खुणा आहेत, त्या बघितल्या का?"

"बघितल्या की. पण समदं कळत न्हाई मला."

मंजुश्रींनी अर्थ सांगितला. गावाच्या पूर्वेला उत्तरेकडं वाहणारा ओढा, पश्चिमेला तांबड्या दगडाचा माळ.

मारवळला चारी बाजूंनी काळं रान. ओढा आहे, पण गावाच्या पश्चिमेला, आणि वाहतो दक्षिणेकडं.

"ओढे वाट बदलतात," रेवणसिद्धप्पा म्हणाले.

"बदलतात. पण तांबडा माळ कुठं गेला? आणि ही शिळा पायरी करायला कुणीतरी आणलेली आहे. कुठनं आणली ते शोधू या. येता का?"

त्यांचं मन होईना. तेव्हा त्यांच्या पत्नी शरणम्मा आतून म्हणाल्या, "जावा की. तुमचं खरं असंल तर तेबी दिसंल."

तालुक्यात तांबड्या दगडाचा माळ जिथं उतरतो, त्या बाजूच्या गावांत ते दोघं फिरले. रेवणसिद्धप्पा गावोगावी एकच विचारायचे, तुमच्याकडं पांढरी कुठं आहे? मोडलेल्या गावाची माती राखेसारखी पांढुरकी राहते, तिला पांढरी म्हणतात. तळेवाडीत चंद्रभागाबाई नावाच्या शेतकरणीनं तुरीच्या रानाकडं बोट केलं.

"हितं तूर लई जोमात येती. पण खापरं बी तेवढीच निघतेत."

खापरं खरंच पसरली होती. मागं तांबडा माळ. रेवणसिद्धप्पा एकटेच पूर्वेकडं चालत गेले. तिथं ओढा होता. पाण्यात तुरीचं पान टाकून ते बघत उभे राहिले. पान उत्तरेकडं गेलं.

परत आले तेव्हा मंजुश्री बांधावरच्या एका शेंदूर लावलेल्या दगडापाशी बसल्या होत्या. दानाच्या दगडावर कोरतात तसे वर चंद्र-सूर्य, खाली गाय आणि वासरू. बाकीचा दगड जमिनीत. चंद्रभागाबाईंना विचारून रेवणसिद्धप्पांनी पायथ्याची माती हातानं काढली. अक्षरं दिसली, ती त्यांनीच आधी वाचली.

"मरुवोळल. सीमे." म्हणजे मरुवोळलची हद्द.

हाताची माती झटकत त्यांनी चंद्रभागाबाईंना विचारलं, "अक्का, ह्यो दगड कुणी हलिवलेला न्हाई न्हवं?"

"देव हाय त्यो. कोण हलवतंय?"

परतीच्या वाटेवर ते म्हणाले, "मॅडम, हितली माणसं उठून मारवळला आली असतील. येताना नाव बी आणलं असंल."

"असेल. असं होतं. पुरावा मिळाला तर मी लिहीन."

"आन् तोवर?"

"तोवर नकाशावर मारवळ येणार नाही, अण्णा."

पुढच्या ग्रामसभेत रेवणसिद्धप्पांनी उभं राहून सगळं सांगितलं आणि कमानीवरचं नाव पुसायची परवानगी मागितली.

पंचायतीचे अध्यक्ष श्रीपतराव म्हणाले, "अप्पा, तुम्हाला कुणी इचारलंय का? कोण बघाया येनार हाय?"

"मी बघून आलोय."

मागून कुणीतरी म्हणालं, "तळेवाडीला सोयरीक जमवायलेत वाटतं." लोक हसले. रेवणसिद्धप्पा खाली बसले नाहीत. "चुकीचं मी लिहिलंय. ते तसं ऱ्हाऊ देनं मला जमायचं न्हाई," एवढंच ते बोलले.

परवानगी मिळाली नाही. पुढच्या जत्रेत नारळ दुसऱ्यानं फोडला. शरणम्मांना ते फार लागलं; त्यांनी पालखीला जायचंच टाळलं. रेवणसिद्धप्पा गेले आणि गर्दीत मागं उभे राहिले.

त्यानंतर श्रीपतराव स्वतःच एका सकाळी दारात आले. बराच वेळ पिकापाण्याचं बोलले आणि मग म्हणाले, "मूळ गाव ते नसंल, नसू दे. शिळा तर आपल्याच विहिरीत घावली न्हवं? तेवढं तरी लिवता येतंय का?"

"येतंय की. ते खरंच हाय."

त्याच आठवड्यात कमानीवर नवीन अक्षरं आली, 'मरुवोळल शिलालेख सापडलेलं गाव, मारवळ'. ओळ लांब झाली, शेवटची अक्षरं दाटीनं बसवावी लागली. तशी दाटी त्यांच्या दुसऱ्या कुठल्याच पाटीत नाही.

मंजुश्रींच्या नकाशात तळेवाडीवर भरीव ठिपका आहे. आता नवीन लेख मिळाला की त्या रेवणसिद्धप्पांना बोलावतात, आणि नाव वाचायच्या आधी ते विचारतात, शिळा मूळ जागेवरची आहे का. तळेवाडीच्या पांढरीसाठीही त्यांनी एक छोटी पाटी केली. ती बांधावर नेली तेव्हा चंद्रभागाबाईंनी जरा बाजूला रोवायला लावली, तुरीवर सावली पडायला नको म्हणून.