मिसेस नोव्हाकच्या भिंतीला लागलेली शिडी

त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीच्या सुमाराला अमेरिकेतल्या पार्सिपनीच्या मराठी मंडळात एक कुजबुज चालू होती. श्रीरंग टिळेकरांची शिडी म्हणे शेजारच्या विधवेच्या भिंतीला लागलेली असते.

बातमी एवढीच. पण मंडळाने ती फार मायेने वाढवली. बायका पोळ्या लाटताना बोलल्या. पुरुषही मागे नव्हते. ते फक्त गराजमध्ये जाऊन, गाडीचं बॉनेट उघडं टाकून बोलायचे, म्हणजे काहीतरी कामाचं चाललंय असं वाटे. विधवा कितीची, दिसायला कशी, हे कुणी विचारलं नाही. अमेरिकन विधवा म्हटल्यावर ज्याने त्याने आपल्या मनाजोगतं वय ठरवून टाकलं. खरी मिसेस नोव्हाक बावन्न वर्षांची, शाळेची बस चालवणारी, हाडापेराने मजबूत बाई. मंडळात पोचेपर्यंत तिची पंधरा वर्षं गळून पडली होती.

पुरावा गोळा केला होता उत्तरा बेंद्रेने. ती दोन रस्ते पलीकडे राहायची आणि शनिवारी सकाळी भाजी आणायला टिळेकरांच्या घरावरून जायची. दुसरा रस्ता जवळचा होता, पण त्यावर बघण्यासारखं काही नव्हतं. तिने शिडी पाहिली. नोव्हाकबाईच्या मागच्या दारातून कॉफीचा मग घेऊन बाहेर पडणारा श्रीरंग पाहिला. आणि एकदा, हे ती आवाज खाली आणून सांगायची, श्रीरंगचं नारिंगी जाकीट त्या बाईच्या पडवीतल्या खुंटीला लटकलेलं पाहिलं. ते जाकीट सेलमध्ये घेतलेलं, शिकाऱ्यांचं, विमानातूनही दिसेल अशा रंगाचं. माणसाशिवाय जाकीट एकटं कुठे जातं का, हा उत्तराचा बिनतोड सवाल होता.

लतिकाच्या, म्हणजे श्रीरंगच्या बायकोच्या, कानावर हे सगळ्यात शेवटी आलं. चौऱ्याऐंशीचा दसरा मंडळाने चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये केला, तेव्हा श्रीखंडाच्या पातेल्यापाशी उत्तराने तिला गाठलं.

"मी आपली सांगते हं, मनाला लावून घेऊ नकोस. पण शनिवारी तू सीमाला घेऊन मराठीच्या वर्गाला जातेस ना, तेव्हा तुझ्याकडे काय चालतं ते एकदा बघ."

"काय चालतं? पन्हळ साफ करतात ते."

"कुणाची?" उत्तराने विचारलं आणि चमचा चाटून पातेल्यात परत घातला.

लतिका हसली. घरी येईपर्यंत ते हसू तिने तोंडावर तसंच धरून ठेवलं.

तिला जे वाटलं ते मत्सराहून वेगळं होतं, आणि त्यासाठी तीन वर्षं मागे जायला हवं.

श्रीरंग पुलांचा इंजिनिअर. एका कन्सल्टिंग कंपनीत बसून तो पुलांच्या खांबांची गणितं करायचा, आणि त्याच्या गणितावर नदीतले खांब मुकाट्याने उभे राहायचे. पण हा माणूस स्वतः स्टुलावर चढत नसे. बल्ब गेला की लतिका बदलायची. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी एकदा अंधारात, भिंतीकडे तोंड करून त्याने तिला कारण सांगितलं होतं. नोकरीच्या पहिल्या महिन्यात, महाराष्ट्रातल्याच एका पुलाच्या कामावर, तो परांचीवर चढला आणि वर जाऊन थिजला. हात सुटेनात, पाय हलेनात. शेवटी मजुरांनी कमरेला दोर बांधून, एखादं कपाट उतरवावं तसं त्याला खाली घेतलं. खाली दोनशे माणसं हसत होती. तेव्हापासून ड्रॉइंग बोर्ड बरा. हे त्याने आईलासुद्धा सांगितलं नव्हतं.

एक्याऐंशीत त्यांनी पार्सिपनीत दुमजली घर घेतलं. आजूबाजूला ओकची झाडं. त्या पहिल्या दिवाळीला मंडळी घर बघायला जमली. पुरुष अंगणात उभे राहून छपराकडे बघत होते, पन्हळी पानांनी तुंबल्यात, साफ करायला हव्यात, असं चाललं होतं. कुणीतरी म्हणालं, श्रीरंगला काय, तो पूल बांधतो. आणि लतिकाला राहवलं नाही. हातात चकल्यांचं ताट, समोर वीस माणसं, सगळी हसायला तयार. तिने परांची, दोर, कपाट, सगळं सांगून टाकलं. रंगवून सांगितलं. हशा फार मोठा झाला. श्रीरंगही हसला, सगळ्यांच्या नंतर, आणि आत जाऊन चहाचे कप विसळत बसला. दोन दिवस तो घरात कामापुरतं बोलला.

पुढच्या शनिवारी लतिका वर्गावरून परत आली तर रस्त्याच्या कडेला ओल्या पानांच्या सहा काळ्या पिशव्या रांगेत उभ्या. पन्हळी लख्ख. श्रीरंगच्या केसांत पानांचा चुरा.

"तुम्ही केलंत?" तिने विचारलं.

"झालं," तो म्हणाला.

आपल्या चेष्टेने का होईना, नवऱ्याची भीती गेली, असं तिने धरलं. पुढच्या प्रत्येक जेवणावळीत ती हे अभिमानाने सांगायची. मधूनमधून कुणीतरी साक्षही द्यायचं. उत्तराच्या नवऱ्याने, अतुलने, जाता जाता छपराच्या कडेला नारिंगी जाकीट पाहून हॉर्न वाजवला होता आणि जाकिटाने वरून हात हलवला होता. हळूहळू श्रीरंग मंडळाचा छपरांचा वैद्य झाला. परिपत्रकात त्याचा लेख आला. शेवटचं पान गळल्याशिवाय पन्हळ साफ करू नका, नाहीतर काम दोनदा. उखडलेलं शिंगल, म्हणजे इकडचं कौल, ऑक्टोबरातच बसवून घ्या. बर्फ पडलं की लांब दांड्याच्या फावड्याने वळचणीचा तीन-चार फूट भाग जमिनीवरूनच ओढून काढा. आणि माळा थंड ठेवा.

हे शेवटचं कुणालाच पटलं नाही. घर गरम ठेवायला पैसे मोजायचे आणि माळा थंड ठेवायचा? अतुलने तर पहिल्याच हिवाळ्यात माळ्याची हवेची भोकं उत्तराच्या जुन्या साड्यांनी आणि सासूबाईंनी शिवून पाठवलेल्या गोधडीने घट्ट बुजवून टाकली. त्र्याऐंशीच्या फेब्रुवारीत दीड-दोन फूट बर्फ पडलं. उबदार माळ्यामुळे छपरावरचं बर्फ खालून वितळलं, पाणी वळचणीपर्यंत आलं, तिथे थंडीने पुन्हा गोठलं, आणि पन्हळीवर बर्फाचा बांध तयार झाला. मागून येणाऱ्या पाण्याला वाट राहिली नाही. ते शिंगलखाली शिरून घरात उतरलं. बेंद्र्यांच्या बेडरूमचं छत उत्तराच्या उशीवर आलं. श्रीरंगने रस्त्यात उभं राहून फावड्याने वळचण मोकळी केली, आत जाऊन भोकांतून साड्या उपसल्या. एक पैठणीही निघाली. उत्तराने ती हरवली म्हणून मोलकरणीवर, म्हणजे मुंबईतल्या, सात वर्षं संशय घेतला होता. श्रीरंगचा शब्द त्या दिवसापासून प्रमाण. छपरावर मात्र त्या दिवशीही तो चढला नाही. बर्फात चढायचंच नसतं, असं त्याने ठासून सांगितलं, आणि ते खरंही होतं.

तर दसऱ्याच्या त्या संध्याकाळनंतर लतिका हे सगळं पुन्हा मनात घोळवू लागली. शेजारीण श्रीरंगला नावाने हाक मारते. ती त्याला हसली नव्हती कधी. आपण हसलो. वीस माणसांपुढे, चकल्यांचं ताट हातात घेऊन, त्याची एकुलती एक लाज वाटून टाकली. मग हा माणूस न हसणाऱ्या बाईच्या स्वयंपाकघरात कॉफी प्यायला गेला, तर दोष कुणाचा? विचारायचं तर तोंड कुठलं? मागच्या वेळी तोंड उघडलं तेव्हाच तर हे सगळं झालं. पाच आठवडे ती त्याला डाळीत मीठ बरोबर आहे का एवढंच विचारत राहिली.

नोव्हेंबरात एका शनिवारी, ज्या शाळेत मराठीचा वर्ग भरायचा तिथला बॉयलर बंद पडला. वर्ग कॅन्सल. पावणेदहालाच लतिका आणि नऊ वर्षांची सीमा परत फिरल्या. घराच्या रस्त्याला वळताना लतिकाने गाडी हळू केली, काच खाली घेतली. शिडी आज त्यांच्याच भिंतीला होती. आणि वर, पन्हळीपाशी, नारिंगी जाकीट.

लतिकाच्या छातीवरचं ओझं एकदम उतरलं. खरंच चढतो हा. उत्तराच्या जिभेला काय हाड.

मागच्या सीटवरून सीमा म्हणाली, "दॅट्स नॉट डॅड. डॅड इज डाउन देअर."

श्रीरंग खाली होता. त्याने शिडीला दोन्ही हातांनी मिठी मारली होती, कपाळ पायरीला टेकलं होतं, डोळे गच्च मिटलेले. वरून ओल्या पानांचे गोळे त्याच्या डोक्यावर, मानेवर पडत होते. तो ते झटकत नव्हता. डोळे मिटूनच तो सांगत होता की डावीकडे तीन फुटांवर उतार कमी आहे, तिथे गाळ साचतो, तिथे हात घाला.

"यू गॉट मी, श्री?" वरून मिसेस नोव्हाक ओरडली.

"आय गॉट यू, हेलन."

लतिकाने काच वर केली. तिच्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल, तर हसू. माणूसच ती. आणि मग ते हसू आलं तसं गेलं. तिने गाडी आवाज न करता मागे घेतली, सीमाला डोनटच्या दुकानात नेलं, आणि एकाला दोन डोनट घेऊन देऊन सांगितलं की हे बाबांना बोलायचं नाही. सीमाने का म्हणून विचारलं. लतिका म्हणाली, "कारण मी एकदा बोलले होते."

नेहमीच्या वेळी त्या घरी आल्या. पिशव्या रांगेत उभ्या होत्या. श्रीरंग ओट्यापाशी गार हात चोळत होता. लतिकाने चहा टाकला, त्याच्या मानेवरचं एक पान काढलं.

"यंदा पानं फार होती," तो म्हणाला.

"अहो, उद्या मिसेस नोव्हाकना जेवायला बोलवा."

तो चहा ढवळत राहिला. त्यात साखर अजून घातली नव्हती.

रविवारी हेलन आली. आमटी तिखट म्हणत तीनदा घेतली. तिचा नवरा स्टॅनली छपरांचीच कामं करायचा; तीस वर्षं तिनेच त्याला वर शिंगलं पोचवली होती. ज्या दिवशी ती बरोबर नव्हती आणि शिडी धरायला कुणी नव्हतं, त्या दिवशी तो पडला आणि गेला. हे सांगून तिने लतिकाला अगदी सहज म्हटलं, कारण बायकोला सगळं ठाऊक असणारच असं तिने धरलं होतं, की घाबरलेला माणूस धरतो तशी शिडी दुसरं कुणी धरत नाही. तुझ्या नवऱ्याने धरली नसती तर मी पुन्हा कधी वर गेले नसते.

श्रीरंगची मान ताटावर खाली गेली. ती परांचीवरचीच मान असणार. तो हशाची वाट बघत होता.

"भात वाढू?" लतिकाने विचारलं. आधी हेलनला, मग त्याला. त्याने ताट पुढे केलं.

विधवा टिळेकरांकडे जेवून गेली, हे उत्तराला सोमवारी कळलं आणि मंगळवारी मंडळाला. आता लतिकाने मान्यच केलंय म्हणे. पुढच्या जेवणावळीत उत्तराने तिला कोपऱ्यात घेऊन, शिडी परत तिकडेच लागलीय गं, असं दुःखाने कळवलं. लतिकाकडे या अफवेचा जीव घेणारं एक वाक्य होतं. पण तेच वाक्य तिने एकदा दिवाळीला बोलून पाहिलं होतं.

"लागू दे," ती म्हणाली. "बर्फ पडायच्या आत काम व्हायला हवं."

एवढं उत्तराला पुढचे दोन हिवाळे पुरलं. सत्त्याऐंशीत हेलन बहिणीकडे पेनसिल्व्हेनियात राहायला गेली, तेव्हा तिला लतिकाने हाकलल्याचंही मंडळात ठरलं.

शिडी मिसेस नोव्हाकची होती. दोन्ही घरांच्या पन्हळी तीच साफ करायची. गार वाऱ्यात वर घालायला श्रीरंगने तिला आपलं जाकीट दिलं होतं. तो खाली शिडी धरून उभा राहायचा. त्याला उंचीची भीती वाटायची.